'राख आणि हिरे' : एक ऐतिहासिक साधन

आंद्रेइ वायदा यांचा 'राख आणि हिरे' हा पोलिश चित्रपट १९५८ सालीं निघाला. यर्झी आंद्रेयेव्स्की यांच्या १९४८ च्या कादंबरीवर तो आधारलेला असून ८ मे १९४५ हा दिवस व त्यामागून येणारी रात्र एवढाच त्याचा काल आहे. लंडन येथील परागंदा सरकारास मानणाऱ्या भूमिगतांपैकीं मात्सेक याजकडे साम्यवादी पुढारी श्चुका याच्या वधाची कामगिरी असते. पहिल्या हल्ल्यांत भलतेच दोघे मरतात. रात्रीं क्रिस्तीनेच्या प्रेमामुळें त्यास शस्त्र टाकावेंसें वाटतें. तरी तो आज्ञा पाळतो व स्वतःही मरतो. मद्याचे पेले पेटवून मृत सोबत्यांस स्मरण्याचा प्रसंग तर अविस्मरणीय आहे.

तथापि हा १९४५ चा पुरावा नव्हे, असें आमचें मत आहे. मात्सेकचा पोशाख व काळा चष्मा १९५८ च्या तरुणाचा आहे. कथेचें केंद्रस्थान वधकर्त्यास देणें हेंही १९५६ नंतर बंधनें सैल झाल्यामुळेंच साधलें.

१९४५ ची दुसरी बाजू महाराष्ट्रांत सांपडते. कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेंच फार. ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटननें लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली, आणि निष्ठा कोणाशीं हा मात्सेकचा प्रश्न त्यांच्यापुढेंही उभा राहिला. गांवें सोव्हिएत हद्दींत गेल्यानें पुष्कळजण मायदेशीं परतलेच नाहींत. चित्रपटांत त्यांस स्थान नाहीं. कलाकृति म्हणून तो श्रेष्ठच आहे. परंतु अभ्यासकानें तो वळिवड्याच्या हकीकतीशेजारीं ठेवूनच पाहावा.