वरतंतूंचं कुणी ऐकलं का?

वर्ष संपताना गुरुजींना काय द्यावं, या प्रश्नावर कालिदासाने 'रघुवंशा'चा अर्धा पाचवा सर्ग खर्ची घातला आहे. शिक्षण संपवून कौत्स विचारतो, "दक्षिणा काय देऊ?" वरतंतू म्हणतात, "मनापासून सेवा केलीस, तीच पोचली." वास्तविक प्रकरण इथंच मिटायचं. पण कौत्स पडला हट्टी! शेवटी गुरुजी भडकतात आणि १४ विद्यांचे १४ कोटी मागतात. (वैतागले तरी मास्तरांचा हिशेब चोख!)

मग रघुराजा. यज्ञात सर्वस्व वाटून मातीच्या भांड्यावर आलेला. त्याच्यासाठी कुबेर सोनं पाडतो. राजा म्हणतो, "सगळं ने", कौत्स म्हणतो, "ठरल्यापेक्षा जास्त नको." अयोध्या दोघांवर खूश!

प्रसंग अप्रतिमच. तक्रार एवढीच, की सोनं पाहून वरतंतूंचा चेहरा कसा झाला, ते महाकवी सांगत नाहीत. काव्य थेट अजाच्या जन्माकडे वळतं. देणारे थोर ठरले, घेणाऱ्याला विचारतो कोण?

निरोपसमारंभाची वर्गणी याच परंपरेतली. आमची ही शिक्षिका. घरात भेटीदाखल आलेली भिंतीवरची घड्याळं सात. प्रत्येकात वेळ निराळी. कपाटात जपलंय ते मात्र वहीचं एक पान : "बाई, आता मला अपुर्णांकांची भीती वाटत नाही."

त्यातला 'पु' ऱ्हस्व आहे. हिची तांबडी शाई आयुष्यात तेवढ्या एकाच ठिकाणी थांबली.