मागणें आणि बोलणें

वाङ्मयाच्या मासिकांत मुलांना बोलावयास शिकविण्याच्या पुस्तकांचा विचार कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु जी भाषा आपणांस श्वासासारखी सहज वाटते ती ज्यांच्या वाट्याला सहज येत नाहीं, अशा मुलांकडे पाहिल्यावर भाषा कशाकशाची बनलेली आहे हें जितकें स्पष्ट दिसतें तितकें तें चांगल्या काव्याच्या वाचनानेंही दिसत नाहीं. बी. एफ्. स्किनर यांचा 'व्हर्बल बिहेविअर' हा ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या पायावर मार्क संडबर्ग व जेम्स पार्टिंग्टन यांनीं १९९८ सालीं स्वमग्न मुलांच्या भाषाशिक्षणाचें पुस्तक लिहिलें. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, इमारतींतील लहानशा खोल्यांत जे उपचारवर्ग चालतात, त्यांतील अनेकांत याच विचाराची भाषा कानीं पडते. हा विचार कितपत खरा, आणि मराठी घरांत आणतांना त्यांत काय बदलावें लागेल, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

स्वमग्नता हा रोग नव्हे. ती मनाच्या घडणीची एक निराळी रीत आहे. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन केलें तेव्हांपासून शास्त्रांत तिला नांव मिळालें. आपल्या कायद्याला मात्र ती उशिरा दिसली. अपंगांविषयींच्या १९९५ च्या कायद्यांत तिचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत तो आला, आणि २०१६ च्या कायद्यानें दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत तिची गणना केली. या मुलांपैकीं कांहीं अस्खलित बोलतात, कांहीं ऐकलेलीं वाक्यें जशींच्या तशीं परत उच्चारतात, आणि कांहींच्या तोंडून शब्दच फुटत नाहीं. आई-बापांच्या जिवाला घोर लागतो तो मुख्यतः या शेवटल्या दोघांविषयीं.

स्किनर यांचें मुख्य म्हणणें असें कीं, शब्द ही एक वस्तु नाहीं. ती एक कृति आहे, आणि ती कशामुळें घडली व तिच्यामागून काय आलें यावर तिची जात ठरते. 'पाणी' हा शब्द घ्या. आईनें 'पाणी' म्हटलें आणि मूल 'पाणी' म्हणालें, तर तो प्रतिध्वनि. नळाखालीं बादली भरतांना पाहून तें 'पाणी' म्हणालें, तर तो निर्देश. 'तहान लागली कीं काय प्यायचें?' या प्रश्नावर तें 'पाणी' म्हणालें, तर तें प्रतिवचन. आणि घसा कोरडा पडला म्हणून आईकडे पाहून तें 'पाणी' म्हणालें, तर ती मागणी. शब्दकोशांत शब्द एक. कृति मात्र चार. एक साधली म्हणजे दुसरी आपोआप साधेलच असें नाहीं. लामार व हॉलंड यांनीं १९८५ सालीं ही गोष्ट सामान्य बालकांच्या बाबतींतही दाखवून दिली. स्वमग्न मुलांत हें अंतर फारच रुंद असूं शकतें. पन्नास चित्रांचीं नांवें घडाघड सांगणारें मूल भूक लागली असतां जमिनीवर डोकें आपटतें, तें यामुळेंच. चित्रांतलें केळें दाखविल्यावर 'केळें' म्हणावें, हें त्याला ठाऊक असतें. 'केळें' म्हटल्यानें केळें मिळतें, हें त्याला कोणी शिकविलेलेंच नसतें.

नोम चॉम्स्की यांनीं १९५९ सालीं या ग्रंथावर जी टीका लिहिली ती ग्रंथापेक्षां अधिक गाजली. पूर्वीं कधीं न ऐकलेलीं वाक्यें लहान मूल रचतें, तें बक्षिसांच्या हिशोबानें समजावून देतां येत नाहीं, हा त्यांचा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो. परंतु तो ज्या मुलाला लागू पडतो तें मूल बोलूं लागलेलें असतें. ज्याला मागतांच येत नाहीं त्याच्या आईला व्याकरणाच्या जन्मजात शक्तीचा सिद्धांत सांगून उपयोग काय? भाषेची उपपत्ति म्हणून स्किनर यांचा ग्रंथ अपुरा ठरला. शिक्षकाच्या हातांतलें साधन म्हणून त्यांतील वर्गीकरण टिकलें. हा भेद न केल्यामुळें दोन्ही पक्षांच्या अनुयायांनीं पुष्कळ शाई वायां घालविली आहे.

संडबर्ग व पार्टिंग्टन यांचें श्रेय हें कीं, त्यांनीं मागणीला आरंभीं बसविलें. रीत साधी आहे. मुलाला जें मनापासून हवें तें त्याच्या नजरेसमोर पण हाताबाहेर ठेवावयाचें; तें त्याकडे वळलें कीं शब्द उच्चारावयाचा; त्यानें शब्दाच्या जवळपासचा ध्वनि काढला कीं वस्तु तत्काळ द्यावयाची; आणि पुढें आपला आधार हळूहळू काढून घ्यावयाचा. ध्वनि निघत नसेल तर हाताची खूण किंवा चित्रही चालतें. अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनीं १९८५ सालीं अमेरिकेंत सुरूं केलेल्या पद्धतींत मूल चित्र उचलून दुसऱ्याच्या हातांत देतें आणि वस्तु घेतें. तेंही मागणेंच होय. या शिक्षणांत पहिल्या दिवसापासून शब्दाला फळ असतें, म्हणून मुलाला त्याची गोडी लागते.

परंतु या घराण्याचा पूर्वेतिहास निष्कलंक नाहीं, आणि तो झांकून ठेवणें हा वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. वर्तनपद्धतीनें स्वमग्न मुलांना शिकविण्याचा मार्ग लॉस एंजेलिस येथें ओ. आयव्हर लोवास यांनीं घातला. त्यांच्या आरंभींच्या प्रयोगांत मुलांना मारणें होतें, विजेचे धक्केही होते. १९८७ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधांत आठवड्याला चाळीस तास शिकविलेल्या एकोणीस मुलांपैकीं नऊ मुलें सर्वसामान्य शाळेच्या पहिल्या इयत्तेंतून बाहेर पडलीं, आणि तुलनेच्या चाळीस मुलांपैकीं एकच, असें नमूद आहे. हे आंकडे आजही जाहिरातींत झळकतात. मात्र मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि त्या एकोणीस मुलांच्या शिक्षणांत दटावणी व मांडीवर चापट हींही होतीं, हें सांगितलें जात नाहीं. २०१८ च्या कॉक्रेन परीक्षणांत अशा सखोल शिक्षणाचे पांच अभ्यास मिळून २१९ मुलें हिशोबांत घेतलीं गेलीं. कांहीं लाभ दिसला, परंतु पुरावा दुबळाच ठरला. तात्पर्य, पद्धतीचा उपयोग आहे, चमत्कार नाहीं.

आतां आमच्या उपनगरांकडे वळूं. आठवड्याचे चाळीस तास येथें कोणाजवळ आहेत? बोरिवलीहून सकाळची लोकल धरणारे आई-बाप दिवे लागल्यावर परततात. दिवसभर मुलाजवळ असतात आजी, आजोबा, किंवा कामाला येणाऱ्या बाई. मुलानें मागावयाचें तें त्यांच्याकडे. तीं माणसें मराठी बोलतात, घाटकोपर-मुलुंडकडे शेजारी गुजराती बोलतात, रस्त्यावर हिंदी असते. उपचारवर्गांतील पुस्तकें, चित्रें आणि तक्ते मात्र बहुधा इंग्रजी. पुढें शाळा इंग्रजी माध्यमाची मिळावयाची म्हणून आई-बापही तेंच पसंत करतात. त्यांतच 'घरांत एकच भाषा बोला' असा सल्ला मिळाला कीं आजीच्या तोंडाला कुलूप पडतें. या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाहीं. हॅम्बली व फॉम्बोन यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन भाषांच्या घरांतील स्वमग्न मुलें एका भाषेच्या घरांतील तशाच मुलांच्या मागें पडलेलीं आढळलीं नाहींत. मग टेबलापाशीं 'वॉटर' शिकलेलें मूल घरीं येऊन ज्या आजीपुढें उभें राहतें, तिला त्याचा अर्धवट 'वॉ' कळला नाहीं तर ती मागणी फुकट गेली. आणि फुकट गेलेली मागणी हळूहळू विझते, हा तर स्किनर यांचाच सिद्धांत! म्हणजे पद्धतीच्या नांवाखालीं येथें पद्धतीचाच भंग होतो.

मुंबईला हा विचार परका असण्याचें कारण नव्हतें. ताराबाई मोडक यांनीं दादरला शिशुविहाराचें काम १९३६ सालीं सुरूं केलें, तेव्हां बालकाच्या स्वतःच्या ओढीला मान द्यावा आणि त्याच्या मातृभाषेंत, आसपासच्या साध्या वस्तूंनीं शिकवावें, हेंच त्यांचें सांगणें होतें. त्यांच्यापुढचीं मुलें निराळीं होतीं. तत्त्व निराळें नाहीं. वांद्रें येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी व श्रवण या विषयांतील तज्ज्ञ घडवीत आहे. उपनगरांच्या दाराशींच अशी संस्था असतां मराठींतून हें शिक्षण कसें द्यावें याचा विचार परक्या पुस्तकांवर सोंपविण्याचें कारण नाहीं.

तसा विचार केल्यास मराठीचे फायदे लागलेच दिसूं लागतात. कॅनर यांच्या मुलांप्रमाणें आमच्याकडचें मूलही 'तुला पाणी पाहिजे का?' असें म्हणूनच पाणी मागतें. यांत गूढ कांहीं नाहीं. आई हें वाक्य म्हणते आणि पाणी येतें, म्हणून पाणी आणणारें वाक्य हेंच, असें मूल समजतें. इंग्रजी शिक्षकाला येथें 'मी' आणि 'तूं' यांची उलटापालट सुधारीत बसावें लागतें, कारण त्या भाषेंत सर्वनामावांचून असें वाक्य उभें राहत नाहीं. मराठींत 'पाणी पाहिजे' एवढें बोललें कीं वाक्य पुरें झालें. आईनें स्वतः 'पाणी पाहिजे?' असें विचारावें, म्हणजे मुलानें तेंच परत म्हटलें तरी मागणी शुद्धच होते. कांहीं ठिकाणीं इंग्रजी सांच्याचें भाषांतर करून 'मला पाणी हवे आहे' असें घोटून घेतात. असें कोणत्या घरांत कोण बोलतो?

मराठीच्या अडचणीही आहेत. दिवसभर आई-आजीचें बोलणें ऐकणारा मुलगा 'मी आलों' ऐवजीं 'मी आलें' म्हणतो. त्याला हटकून उपयोग नाहीं. घरांतील पुरुषांनीं त्याच्याशीं बोलावें, हाच उपाय. 'दे' आणि 'द्या' यांचा भेद तर पुष्कळ पुढचा. नातवानें आयुष्यांत पहिल्यानें 'दे' म्हटलें तर एकेरी हांक मारली म्हणून कोणते आजोबा रागावतील?

प्रतिध्वनींकडेही जरा आदरानें पाहिलें पाहिजे. समजा, घाटकोपरचा एक मुलगा लोकलमधील घोषणा त्याच ठेक्यांत म्हणतो: 'पुढील स्टेशन मुलुंड.' जुन्या पद्धतीचा शिक्षक याला निरर्थक बडबड ठरवून बंद पाडावयास पाहील. परंतु मुलुंडला त्याची आजी राहते, आणि शनिवार आला कींच तो हें म्हणतो, असें ध्यानांत आलें तर? अमेरिकेंतील वाणीतज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनीं १९८० नंतरच्या दशकांत अशा पुनरुक्तींना हेतु असतात हें दाखविलें. येथें मागणी आधींच झालेली आहे. ती ऐकणाऱ्यानें ओळखावयाची आहे.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजींत 'नो' हा एकच शब्द पुष्कळ कामें करतो. मराठींत 'पेल्यांत दूध आहे का?' याला उत्तर 'नाहीं'. 'हें दूध का?' याला 'नव्हे'. आणि 'दूध पाहिजे का?' याला 'नको'. पहिल्या दोहोंनीं जगाचें वर्णन होतें. तिसऱ्यानें मूल आपली इच्छा सांगतें. स्किनर यांनीं परिश्रमानें पाडलेला भेद आमच्या भाषेनें लेंकराच्या तोंडीं आयता ठेवला आहे. तरी वर्गांत 'दे', 'पाहिजे', 'आणखी' हे शब्द आधीं येतात आणि 'नको' मागाहून. कधीं येतही नाहीं, कारण नको म्हणणारें मूल धडा मोडतें. एडवर्ड कार व मार्क ड्युरांड यांनीं १९८५ सालीं याच वर्तनपद्धतींतून उलट दाखविलें: काम अवघड झालें कीं आदळआपट करणाऱ्या मुलांना 'मला समजत नाहीं' अशा अर्थाचें वाक्य शिकविल्यावर आदळआपट कमी झाली. म्हणजे चावणें, ओरडणें हेंही एक प्रकारचें 'नको'च होतें. त्याला शब्द मिळाला नव्हता इतकेंच. औषध किंवा रस्ता ओलांडणें अशा प्रसंगीं 'नको' मानतां यावयाचें नाहीं. तरी 'ऐकलें' एवढें तरी सांगतां येतें. परंतु ज्याच्या अंगाला परक्यानें केलेला स्पर्श सोसवत नाहीं त्या मुलाला निमूट बसण्याबद्दल बक्षीस देऊन देऊन 'नको' विसरावयास लावणें, हें शिक्षण नव्हे. असें मूल पुढें मोठें होऊन गर्दीच्या लोकलमधून एकटें जाईल, तेव्हां त्याच्या रक्षणाला हाच शब्द लागणार आहे.

सारांश, ही पद्धति त्याज्य नाहीं आणि पूज्यही नाहीं. उपचारवर्गांत मुलाचें नांव घालतांना आई-बापांनीं तीन प्रश्न विचारावे. येथें शिकलेला शब्द घरांत कोण ऐकणार? तो ऐकणाराच्या भाषेंत आहे काय? आणि मुलानें 'नको' म्हटलें तर तुम्ही काय करतां? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना जो शिक्षक घोटाळेल, त्याच्याकडे पहिल्या दोहोंचीं उत्तरें कितीही चांगलीं असलीं तरी मूल सोंपविण्यापूर्वीं पुन्हां एकदां विचार करावा.