आधी घर, मग गड

दिवाळी आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. धान कापणीला आलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि रात्री दंडार, खडी गंमत रंगते. करडीसारख्या गावात लढाईत पडलेल्या एखाद्या जवानाचे गाणे डफाच्या थापेवर सुरू झाले की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. तरीही घरी परतताना मला एक उणीव जाणवते. गाण्याची सुरुवातच गोळी सुटल्यापासून होते. पोरगा मरतो कसा ते कळते. तो जगला कसा, ते कळत नाही.

जुन्या शाहिराला हे मर्म ठाऊक होते. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा पाहा. लढाई १६७० सालची. पण तानाजी आपल्याला आधी भेटतो तो रायबाच्या लग्नाच्या गडबडीत, राजाला आमंत्रण द्यायला निघालेला बाप म्हणून. सोबत शेलारमामासारखे वडीलधारे माणूस. घोरपड, कडा, उदेभानाशी झुंज हे सारे मागाहून. लग्नघरातला हा माणूस आधीच आपला झालेला असतो. म्हणून तो पडला की घरचे कोणी गेल्यासारखे वाटते.

आता याच्या शेजारी अर्वाचीन स्मरणाचे नमुने ठेवू. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत शिळा बसवल्या : या गावातून इतके लढाईवर गेले, त्यांपैकी इतके पडले. नुसते आकडे! दुसऱ्या महायुद्धातले नाईक यशवंत घाडगे यांचे गौरवपत्र त्याहून पुष्कळ सरस आहे. घाडगे कोलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, माणगाव भागाचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले सारे शिपाई मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबाँबने त्यांनी गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी, जिंकलेल्या त्याच मोर्च्यात, त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२.

मजकूर म्हणून यात खोट नाही. बंदुकीचे मॅगझीन बदलायला वेळच नव्हता, हा त्यातला एक तपशील शंभर विशेषणांहून मोलाचा आहे. पण तो हल्ल्यापाशी सुरू होतो आणि मोर्च्यात संपतो.

एका १५ ऑगस्टला मी तो वर्गात मराठीत सांगितला. पोरे सरसावून बसली. शेवटी एकाने विचारले, "गुरुजी, त्यांच्या घरी कोण होतं जी?"

मजकुरात उत्तर नव्हते. मरणोत्तर दिलेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने स्वीकारला. पण त्या गौरवपत्रात तिला एका शब्दाचीही जागा नाही. जुलै म्हणजे आपला आषाढ. आमच्याकडे ज्याला रोवणी म्हणतात ती भाताची लावणी तेव्हा कोकणात चाललेली असणार. इटलीतल्या मोर्च्यात पावसाची आठवण येते का? हे सरकारी कारकुनाने लिहावे अशी अपेक्षा नाही. ते काम कादंबरीकाराचे, आणि या बाबतीत मी स्वतःलाच आधी दोषी धरतो. गड आणि तलवारी यांवर आम्ही शाई पुष्कळ सांडली. पलटणीतल्या नाइकाचे घर मात्र आम्हाला दिसले नाही.

घाडग्यांचे नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावला त्यांचा पुतळा आहे. नाव दगडावर टिकते, माणूस टिकायला गोष्ट लागते.

म्हणून आमच्या मंडईतल्या शाहिरांना माझी एक विनंती आहे. बाबांनो, पहिला चौक घराचा गा. बांधावरून येणारे पोर, त्याचे हट्ट, आईशी झालेले भांडण, सारे येऊ द्या. मग खुशाल गोळी सुटू द्या. आणि वाचकहो, या दिवाळीत कुणाच्या घरी जवान सुट्टीवर आला असेल, तर लढाईच्या गोष्टी त्याला मागाहून विचारा. आधी त्याला पाटावर बसवा.