हिरवी खूण कोणाच्या साक्षीवर? ओपनबीएमसीच्या चाचण्या वाचताना

सर्व्हर बंद केला तरी त्याच्या आतला एक छोटा कॉम्प्युटर जागाच असतो. त्याला बीएमसी म्हणतात, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. वायर लावलेली आहे तोवर तो चालू. मुख्य मशीन चालू-बंद करणं, पंख्यांचा वेग ठरवणं, तापमान वाचणं, दूरवरून कन्सोल दाखवणं ही त्याची कामं. डेटा सेंटरमध्ये हजारो मशिन्सपाशी कोणी चालत जात नाही, बीएमसीशीच बोलतात. त्यामुळे त्याचं फर्मवेअर बिघडलं तर धडधाकट सर्व्हरसुद्धा हाताबाहेर जातो. आणि कोणी ते फर्मवेअर ताब्यात घेतलं, तर वरची ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नवी टाकली तरी घुसखोर आतच राहतो.

या फर्मवेअरच्या स्वयंचलित चाचण्या हा विषय पीएचडीसाठी घ्यायचा विचार करत असाल, तर पेपरांच्या आधी एक चाचणी-संच वाचा असं मी म्हणेन. पुस्तक वाचतो तसा, पानापानावर शंका काढत. खाली मी तेच केलंय. संच आहे ओपनबीएमसी प्रकल्पाचा, ‘ओपनबीएमसी-टेस्ट-ऑटोमेशन’ या नावाने सगळ्यांना खुला असलेला. संच चांगला आहे, हे आधीच सांगतो. तक्रार एकच आहे, पण मोठी: चाचणी ज्याची घ्यायची, साक्षही बहुतेक वेळा त्याचीच काढलेली आहे.

थोडी पार्श्वभूमी. ओपनबीएमसी म्हणजे बीएमसीसाठी बांधलेलं लिनक्स. २०१८ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला, तेव्हा आयबीएम, इंटेल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुक सोबत होते. बाहेरून त्याच्याशी बोलायच्या दोन भाषा. जुनी आयपीएमआय, १९९८ ची. नवी रेडफिश, २०१५ ची, जी साध्या वेब-विनंत्यांवर चालते. चाचण्या रोबोट फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या आहेत, आणि ही निवड मला पटते. रोबोटमध्ये चाचणी जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येते: लॉगिन कर, सर्व्हर चालू कर, स्थिती ‘ऑन’ आहे का बघ. सी प्लस प्लस न येणारा ऑपरेशन्सचा माणूसही ती वाचून ‘हे असं नको होतं’ म्हणू शकतो. फर्मवेअरच्या जगात ही छोटी गोष्ट नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. चाचणी फेल झाली की संच लगेच बीएमसीवरचे लॉग, जर्नल, स्थिती सगळं गोळा करून ठेवतो. त्याला ते ‘फर्स्ट फेल्युअर डेटा कॅप्चर’ म्हणतात. पहिल्या बिघाडाचा पंचनामाच म्हणा ना. बीएमसी रीबूट झाला की बरेच पुरावे पुसले जातात, म्हणून पंचनामा जागच्या जागी. तुमच्या प्रबंधासाठी तुम्ही काहीही बांधा, हा भाग उचला.

आता मुद्दा. संचात चाचण्यांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. एक खऱ्या हार्डवेअरवर चालवायची, एक क्यूईएमयूवर. क्यूईएमयू हा एम्युलेटर, म्हणजे बीएमसीच्या चिपची नक्कल तुमच्या लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्रॅम. ज्यांच्याकडे सर्व्हरची लॅब नाही (म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळे) त्यांना हाच रस्ता. रोम्युलस नावाच्या बोर्डाची प्रतिमा घ्यायची, क्यूईएमयूमध्ये उठवायची, तिचे पोर्ट आपल्या मशीनवर वळवायचे आणि रोबोटला पत्ता द्यायचा. रूटचा ठरलेला पासवर्ड ‘ओपनबीएमसी’, फक्त पहिल्या ओ अक्षराच्या जागी शून्य. इथे एक संध्याकाळ वाया घालवू नका. दोन-चार दिवसांत हिरव्या खुणांची रांग दिसायला लागते आणि वाटतं, झालं की, सेटअप तयार.

थांबा. त्या रांगेत नेमकं काय तपासलं गेलं?

रोम्युलस हा पॉवर९ प्रोसेसरचा बोर्ड. क्यूईएमयूच्या रोम्युलस मशीनमध्ये उठतो तो फक्त बीएमसी, म्हणजे एस्पीडची एएसटी२५०० चिप. पॉवर९ तिथे नाहीच. ज्याला ‘चालू कर’ म्हणायचं तो सर्व्हरच गैरहजर. बोर्डावरच्या बाकी चिपांचंही तसंच. या बोर्डाला एप्सनची आरएक्स८९०० ही घड्याळाची चिप लागते. क्यूईएमयूमध्ये तिच्याऐवजी डीएस१३३८ बसवली आहे, आणि ‘हिच्यावर भागतं’ अशा अर्थाची टीप कोडमध्येच आहे. लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण तुम्ही प्रबंधात ‘रोम्युलसवर चाचण्या घेतल्या’ असं लिहिलंत, तर ते वाक्य तेवढं प्रामाणिक नसेल.

तरीही नकलीला दोष देऊन हात झटकणं ही सोपी टीका झाली. खरी अडचण खऱ्या हार्डवेअरवरही तशीच राहते. चाचणी म्हणते, फर्मवेअर अपडेट कर. मग रेडफिशलाच विचारते, आवृत्ती कोणती? उत्तर नवं आलं की पास. आता हे उत्तर कोण देतंय? ज्याच्यावर संशय घ्यायचा, तोच. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये निकाल बरोबर की चूक हे ठरवणाऱ्या यंत्रणेला ‘टेस्ट ऑरॅकल’ म्हणतात. काही प्रोग्रॅमसाठी असा निवाडा मिळतच नाही किंवा मिळवणं फार अवघड असतं, यावर एलेन वेयुकर यांचा १९८२ चा निबंध आहे. तो जरूर वाचा, छोटा आहे. बीएमसीची गंमत अशी की इथे ऑरॅकल सहज मिळतो आणि तिथेच फसगत होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

ही नुसती तात्त्विक भीती नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अम्नपरदाज या इराणी कंपनीने ‘आयएलओब्लीड’ नावाच्या रूटकिटचा अहवाल दिला. ते एचपीच्या आयएलओ या बीएमसीत शिरलेलं होतं. कोणी फर्मवेअर अपडेट करायला गेलं की ते गुपचूप अपडेट अडवायचं, आणि वर अपडेट यशस्वी झाल्याचं दाखवायचं. आवृत्तीचा आकडाही नवा दाखवायचं. आपली वरची चाचणी अशा मशीनवर चालवली असती तर? हिरवी. लक्ष गेलं ते लॉगिनच्या पानाकडे: आकडा नवा, पण पानाचं रूप जुन्या आवृत्तीचं.

संचावर अन्याय नको म्हणून दुसरी बाजू. चाचण्या चालवताना द्यायच्या व्हेरिएबलमध्ये सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पत्ता देता येतो, सीरियल कन्सोलचा देता येतो, पीडीयूचाही देता येतो. पीडीयू म्हणजे रॅकमधली पॉवरची पट्टी, जिचा एकेक सॉकेट दुरून बंद-चालू करता येतो. काही पट्ट्या सॉकेटमधून किती करंट जातोय तेही सांगतात. म्हणजे बाहेरचे साक्षीदार बोलवायला दार ठेवलेलं आहे. बीएमसी म्हणाला ‘सर्व्हर चालू’, तर पट्टीवर करंट वाढला का? सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः उत्तर देते का? सीरियलवर बूटच्या ओळी आल्या का? माझी टीका अशी की हे दार ऐच्छिक आहे. पत्ता दिला तर तपास, नाही दिला तर नाही. आणि अहवालात दोन्हीकडची खूण सारखीच हिरवी. एका साक्षीवरचं हिरवं आणि तीन साक्षींवरचं हिरवं यांत रंगाचा तरी फरक हवा होता.

दुसरी जागा, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रोबोटमध्ये ‘वेट अनटिल कीवर्ड सक्सीड्स’ नावाची सोय आहे: तीन मिनिटं होईपर्यंत दर दहा सेकंदांनी अमुक करून बघ, एकदा जमलं की पास. बीएमसीच्या चाचण्यांत ही पावलोपावली लागते, कारण इथे कुठलीच गोष्ट तत्काळ होत नाही. रीबूटनंतर वेब सर्व्हर केव्हा उठेल ते कोण सांगणार? लहरी चाचण्यांवर, म्हणजे काही न बदलता कधी पास कधी फेल होणाऱ्या चाचण्यांवर, २०१४ मध्ये लुओ आणि सहकाऱ्यांनी ५१ अपाची प्रकल्पांमधल्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. त्यांनी वर्गवारी केलेल्या कारणांत जवळपास निम्मी कारणं नीट वाट न पाहण्याची होती. गुगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये लिहिलं की त्यांच्याकडे सुमारे १.५ टक्के टेस्ट-रन लहरी निकाल देतात, आणि जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडाफार लहरीपणा आहे. तेव्हा वाट पाहणं हे शहाणपणच.

पण वाट पाहताना माहिती सांडते. समजा काल वेब सर्व्हर दुसऱ्या प्रयत्नात उठला आणि आजच्या बदलानंतर सतराव्या प्रयत्नात. दोन्ही दिवशी पास. मधे कोणीतरी बूट दोन-अडीच मिनिटांनी लांबवलं, हे कोणाला कळलंच नाही. ज्या दिवशी तीन मिनिटं ओलांडतील त्या दिवशी चाचणी ‘अचानक’ फेल होईल, आणि बिचारा त्या दिवशी बदल पाठवणारा सापडेल. रोबोटच्या निकालाच्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक फसलेला प्रयत्न वेळेसकट नोंदलेला असतो. मात्र फाइल आटोपशीर करायला रोबोट एक पर्यायही देतो, जो शेवटचा सोडून बाकीचे फसलेले प्रयत्न काढून टाकतो. तो वापरू नका. तुमचा डेटा तिथेच आहे. एकच प्रतिमा शंभर वेळा उठवा, प्रयत्नांची संख्या मोजा, मग मागच्या काही महिन्यांच्या प्रतिमांवर तेच करा. लॅपटॉपवर होण्यासारखं काम आहे. वेळेचे आकडे मात्र क्यूईएमयूचे म्हणूनच मांडा, ते खऱ्या चिपचे नाहीत.

सुरक्षेच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. चुकीचा पासवर्ड दिला तर ४०१ यायला हवा, अशा चाचण्या हव्यातच. पण त्यांच्याने धीर येत नाही. आयएलओ-४ मधली सीव्हीई-२०१७-१२५४२ आठवा: विनंतीच्या ‘कनेक्शन’ हेडरमध्ये इंग्रजी ए हे अक्षर २९ वेळा लिहिलं की लॉगिनची गरजच संपायची. चुकीच्या पासवर्डची चाचणी तिथेही पासच झाली असती. २०१३ मध्ये डॅन फार्मर यांनी दाखवलेलं प्रकरण तर याहून बोलकं. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी समोरच्याला पासवर्डचा हॅश देऊन टाकतो, आणि हे कोणाच्या कोडमधली चूक म्हणून नाही, मानकातच तसं लिहिलंय म्हणून. मानकाप्रमाणे वागतो का हे तपासणारी चाचणी इथे बरोबर वागणाऱ्यालाच धोक्याचं प्रमाणपत्र देते. ‘सिक्युरिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये चाचण्या किती आहेत हे मोजून पेपरात टेबल करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग हार्डवेअर नसलेल्याने काय करायचं? इथे मला क्यूईएमयूची बाजू घ्यायची आहे, कारण त्याला फक्त स्वस्त नक्कल समजून आपण त्याचा निम्माच उपयोग करतो. एम्युलेटरला आतलं सगळं दिसतं. खऱ्या बोर्डावर जो साक्षीदार विकत घ्यावा लागतो तो इथे फुकट उभा आहे, त्याला कोणी बोलावत नाही एवढंच. क्यूईएमयूच्या पामेट्टो मशीनवर टीएमपी४२३ हा तापमानाचा सेन्सर आहे. त्यात आधीपासून भरलेली मूल्यं ३१, २८, २० आणि ११० अंश, आणि ती बाहेरून बदलता येतात. चाचणीने क्यूईएमयूला सांगावं ‘८० कर’, आणि मग बीएमसीला विचारावं ‘किती?’. आता उत्तराची तुलना करायला स्वतंत्र सत्य हाताशी आहे.

फ्लॅशचंही तसंच. बीएमसीची फ्लॅश चिप म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक फाइल. अपडेटनंतर आवृत्ती विचारत बसू नका, ती फाइल उघडून बाइट तपासा. अपडेट लिहिलं जात असताना क्यूईएमयूची प्रोसेसच मारा, त्याच फाइलवरून परत उठवा आणि काय होतं बघा. वेगवेगळ्या क्षणी मारा, शेकडो वेळा. खऱ्या बोर्डावर हे करायला गेलात तर प्रत्येक फसलेल्या वेळी चिपला प्रोग्रॅमर लावून ती हाताने भरावी लागेल, आणि गाइड दुसरा बोर्ड देणार नाहीत.

एक मर्यादा मात्र पहिल्या पानावर लिहा: खऱ्या फ्लॅशमध्ये पुसणं अर्ध्यात तुटलं तर काही बिट धड शून्य नाहीत धड एक नाहीत अशा अवस्थेत राहू शकतात. क्यूईएमयूच्या फाइलमध्ये अशी अवस्था नसते. म्हणजे तिथे न सापडलेला दोष हा ‘नाही’ असा पुरावा होत नाही, सापडलेला मात्र बऱ्याचदा खरा निघेल. तरी तोही एकदा बोर्डावर पडताळून घ्यायचाच, कारण डीएस१३३८ सारख्या तडजोडी आणखी कुठे कुठे आहेत हे मशीनचा कोड वाचल्याशिवाय कळणार नाही. रोम्युलस आणि पामेट्टो दोन्ही क्यूईएमयूच्या एस्पीड बोर्डांच्या कोडमध्ये आहेत. सुरुवात तिथून करा, रोबोटच्या फाइली त्यानंतर.