मराठी ख्रिस्ती उपासना : पोथी, छापील पुस्तक व चाल

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा आजवर बहुधा दोन प्रकारें झाली आहे. फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणापासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्तायनापर्यंतचे ग्रंथ काव्य म्हणून तोलणें, हा एक प्रकार. मिशनांच्या अहवालांवरून मंडळ्यांचा इतिहास लिहिणें, हा दुसरा. दोहोंतहि एक गोष्ट सुटते. या वाङ्मयाचा मोठा भाग जमलेल्या लोकांनीं एकत्र ऐकावा व म्हणावा म्हणून झाला आहे. उपासना व प्रार्थनासभा हें त्याचें मूळ स्थान. त्या स्थानापासून तोडून केलेली पारख अपुरी ठरते, असें आमचें मत आहे. तें कां, हें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम क्रिस्तपुराण घेऊं. सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ साष्टींत राहिलेल्या इंग्रज जेझुइटानें रचला, व तो गोमंतकांत रोमन लिपींत १६१६, १६४९ व १६५४ या सालीं छापला गेला. या तीनहि आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें, तरी पुराण बुडालें नाहीं. कारण तें देवळांत वाचलें जात होतें, व वाचण्यासाठीं लोक त्याच्या हस्तप्रती करीत होते. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें काढलेली आवृत्ति अशा हस्तप्रतींवरच उभी आहे. छाप गेला आणि पोथी राहिली, हा क्रम संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पुढें जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी प्रत उजेडांत आणली. रोमन प्रतींतील पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागीं तींत संस्कृत शब्द आढळतात. ॲबट यांनीं ही नागरी संहिता मूळची मानली. आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एकच ग्रंथ निराळ्या श्रोत्यांपुढें म्हटला जाऊं लागला म्हणजे त्याचे शब्द बदलतात. तेव्हां मूळ कोणतें व नक्कल कोणती, एवढ्या एका प्रश्नानें असला पाठभेद सुटत नाहीं. कोणती प्रत कोणासमोर म्हणावयाची होती, हें आधीं विचारलें पाहिजे.

हीच कसोटी दोन-अडीच शतकांनंतरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांसहि लावतां येते, व तीस मराठवाडा हें उत्तम क्षेत्र आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथून जालन्यास जाणाऱ्या वाटेवर करमाड हें गांव लागतें. त्याच्या पश्चिमेस औरंगाबादेंत चर्च मिशनरी सोसायटीचें ठाणें होतें. पारशी कुळांतून ख्रिस्ती झालेले रे. रतनजी नवरोजी यांनीं तेथें दीर्घ काळ काम केलें. हें मिशन अँग्लिकन, म्हणजे छापील प्रार्थनापुस्तकाचें; पाळकानें एक वाक्य म्हणावें व मंडळीनें ठरलेलें उत्तर द्यावें, ही त्याची रीत. पूर्वेस जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचें काम चाले. १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रे. नारायण शेषाद्रि यांनीं, निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ 'बेथेल' ही ख्रिस्ती वस्ती वसवली. या पंथांत छापील प्रार्थनेचें बंधन नाहीं. पाळक किंवा पंच यांनीं प्रसंगानुरूप स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करावयाची. दक्षिणेस अहमदनगरीं अमेरिकन मराठी मिशन. तेथूनच १८४२ सालीं 'ज्ञानोदय' निघाला, तेथेंच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा वाढवली, आणि १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनीं अभंग व भजनें रचलीं तींहि मुख्यतः याच क्षेत्रांत.

म्हणजे करमाडच्या आसपासचा मुलूख ठरलेली प्रार्थना, मुक्त प्रार्थना व भजन-कीर्तन अशा तीन रीतींच्या मध्यें वसला आहे. १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एका संघांत आल्या. १९७० सालीं अँग्लिकन व इतर मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहांत भाषांतरित गीतें व देशी भजनें एकाच पुठ्ठ्यांत आलीं. छापील पुस्तकांत तीं शेजारीं बसलीं खरीं. पण त्यांचा घाट एक नव्हे.

भाषांतरित गीतांवर कृत्रिमतेचा आक्षेप घेण्यांत येतो. त्यांत तथ्य आहे, पण त्याचें कारण शब्दांत शोधतात तें चूक. इंग्रजी गीत आघातावर चालतें, मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर. परकी चाल कायम ठेवून शब्द बसविले म्हणजे ऱ्हस्व अक्षर ताणावें लागतें व दीर्घ आखडावें लागतें. ओवी-अभंगांत ही अडचण येत नाहीं, आणि निरक्षर मंडळीसहि ध्रुपद एका ऐकण्यांत उचलतां येतें. टिळकांचें यश येथें आहे. तथापि त्यांच्यापाशींच मराठी उपासनेचा आरंभ मानणें हा सांगळ्यांवर अन्याय होय. तसेंच भाषांतरित गीत सर्वस्वीं टाकाऊ नव्हे. अनेक कंठांनीं भिन्न स्वरपट्ट्यांत एकाच वेळीं गाण्याची नवी रीत मराठी माणसास त्याच्यामुळें परिचित झाली.

संग्राहकांस उपयोगी अशी एक सूचना करतों. जुन्या गीतवह्यांत पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली असते. ही ओळ निरुपयोगी समजून नकलेंत गाळूं नये. एखाद्या पदावर 'संगीत सौभद्रा'तील पदाची चाल दिली असेल, तर तें नाटक १८८२ सालीं रंगभूमीवर आलें असल्यानें तो निर्देश त्यापूर्वींचा असणें शक्य नाहीं. मात्र हें प्रमाण चालीच्या निर्देशापुरतें. पद त्याहून जुनें असूं शकेल, व मागाहून कोणी नवी चाल लावली असेल. यासाठीं शाई व हस्ताक्षर दोन्हीं ठिकाणीं एकच आहे कीं नाहीं, तें पाहावें. शब्दांवरूनहि पंथ ताडतां येतो : 'मिस्सा' व 'स्नानसंस्कार' हे शब्द कॅथॉलिक परंपरेकडे बोट दाखवितात, 'बाप्तिस्मा' व 'प्रभुभोजन' हे प्रॉटेस्टंट परंपरेकडे. मुक्त प्रार्थना लिहिलीच जात नसे; म्हणून प्रार्थनेचा कागद नाहीं एवढ्यावरून प्रार्थनासभा नव्हती असें अनुमान करूं नये.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाच्या गोडीचा नाहीं. चर्च मिशनरी सोसायटीचीं दफ्तरें आज बर्मिंगहॅम येथें आहेत, स्कॉटिश मिशनचे कागद एडिंबरोस, अमेरिकन बोर्डाचे हार्वर्डमध्यें. तेथें पाठविणाऱ्यांचा आवाज जपला गेला आहे. येथील मंडळ्यांत महार व मातंग समाजांतून आलेल्यांचा भरणा मोठा. आमच्या जुन्या दफ्तरांत त्यांचा उल्लेख बहुधा बलुतें, वेठ व गांवकीच्या तंट्यांपुरता येतो. त्यांनीं एकत्र जमून काय म्हटलें, याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या हातच्या गीतवहींतच मिळावयाचा. देशमुखाची सनद आम्ही कापडांत बांधून ठेवतों. तेलकट डागांची, पानें सुटलेली भजनांची वही मात्र रद्दींत जाते. तिचीहि नक्कल चालीसकट घेऊन, ती कोणत्या गांवीं व कोणत्या मंडळींत म्हटली जाई याची नोंद केली जावी. आणि मूळ वही मालकाकडेच राहूं द्यावी, कारण जेथें ती अजून उघडली जाते तेथें ती अधिक सुरक्षित आहे.