चोरीचे पाच टक्के

कॉमर्सच्या माणसाने कायदा वाचू नये म्हणतात. कलमं सोडून तो आकडेच वाचत बसतो. पण मार्चअखेर एकदाची आटोपली की आमच्या कुहीच्या शाखेत एप्रिलच्या दुपारी उन्हाखेरीज कोणी आत येत नाही (हे साहेबांना सांगू नका). तेव्हा सिनेमाच्या चोरीचे कायदे मी वाचून काढले.

पहिला महाराष्ट्राचा, 1981 चा. त्याचं नाव एका दमात म्हणून बघा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, मग व्हिडिओ पायरेट्स, मग वाळू तस्कर, मग काळाबाजारवाले! आणि हे नुसतं नाव झालं, कायदा पुढेच आहे. 2009 साली सिनेमाचोराला या पंगतीत पाट मिळाला. खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करायची सोय आहे. फुटपाथवर सीडी विकणाऱ्या पोराला एवढे मोठमोठे शेजारी लाभतील, असं त्याच्या आईलाही कधी वाटलं नसेल.

खरी गंमत 2023 च्या दुरुस्तीत आहे. थिएटरात चोरून सिनेमा टिपला, किंवा तसली प्रत लोकांना दाखवून पैसे केले, तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड किमान 3 लाख रुपये. जास्तीत जास्त? चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्के!

इथे माझं पेन थांबलं. निर्मात्याचं नुकसान किती, चोराची कमाई किती, याला विचारतो कोण? विचारायचं ते खर्चाला. आता 'सैराट' घ्या. 29 एप्रिल 2016 ला तो लागला आणि पाठोपाठ चोरटी प्रत मोबाईलवर फिरू लागली. खर्च सुमारे 4 कोटी झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं, गल्ला शंभर कोटींच्या घरात. आजचा कायदा त्याला लावला तर दंडाची कमाल 20 लाख. उलट कोणी हिंदीवाल्याने 400 कोटी ओतून असा सिनेमा काढला की जो घरचेही बघेनात, तर तो चोरणाऱ्याला 20 कोटींपर्यंत दंड. खरं म्हणजे तेवढं बघितल्याबद्दल त्याला काही सूट द्यायला हवी!

बँकेत दागिना तारण ठेवताना आम्ही सोन्याचा भाव बघतो, सोनाराने मजुरी किती घेतली ते नाही. थोडक्या पैशांत चांगलं काम करणारा मराठी निर्माता मात्र या हिशोबात स्वस्तात लुटायचा माल ठरतो. शिवाय दंड जातो सरकारजमा. कोर्टानेच त्यातून काही देवविलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर भरपाईसाठी त्याने दिवाणी दावा लावावा आणि पुढचा सिनेमा नातवाने काढावा.

हे सगळं मी आमच्या शिपायाला समजावून सांगितलं. तिकीट काढायचं तर आधी बसने नागपूर गाठणारा माणूस तो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग मराठीच चोरतात ते बरं करतात जी," तो म्हणाला, "सस्तं पडते."