गुलगुथ्यावरची पालवी

सर बनी यास हे अबू धाबी अमिरातीच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे बेट. आज लोक तिथे हरणे आणि ऑरिक्स पाहायला जातात. २०२५ साली तिथल्या उत्खननात गिलाव्याची एक पाटी निघाली, एका हातात धरता येईल एवढी. तिच्यावर उठावात क्रूस आहे, तो पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा आहे आणि त्याच्या बुडाशी पाने फुटली आहेत. बातम्यांनी पाटीचे वय सांगितले, सुमारे १४०० वर्षे, आणि त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. मला मात्र ती पाने सोडवत नाहीत.

पायऱ्या म्हणजे गुलगुथा, जेरुसलेमबाहेरची वधाची जागा. रोमन सत्ता तिथे माणसांना लाकडावर खिळून मारत असे. तासलेल्या, मूळ नसलेल्या त्या लाकडाला पालवी फुटायचे काही कारण नाही. शिवाय क्रूसावर देहही नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये वाढलेल्या नजरेला ही उणीव लगेच जाणवते. तिथला ख्रिस्त खिळ्यांवर लोंबकळतो, त्याच्या बरगड्या मोजता येतात, कुशीतून रक्त ओघळते. ती गुड फ्रायडेची, क्रूसावरच्या मृत्यूच्या शुक्रवारची कला. बेटावरच्या कारागिराने शुक्रवार तीनचार रेषांत आटोपला आणि सगळा जीव पुनरुत्थानाच्या रविवारात ओतला.

आणि हा रविवारही किती कमी शब्दांचा! युरोपातल्या चित्रकारांनी हातात झेंडा घेतलेला ख्रिस्त थडग्याबाहेर पाऊल टाकताना रंगवला, खाली पहारेकरी लोळवले. चारही शुभवर्तमानांत हा क्षण नाही. बायका पहाटे पोचतात तेव्हा थडगे रिकामे असते. घडायचे ते कोणाच्याही नजरेआड घडून गेलेले असते. न पाहिलेले दाखवायचा मोह या पाटीने टाळला. पान फुटताना तरी कोण पाहते? ते फुटलेले असते, एवढेच आपल्याला दिसते.

या पानांवर किती भार आहे, हे प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचताना कळते. हे पत्र येशूच्या मृत्यूनंतर वीसपंचवीस वर्षांत लिहिलेले आहे, बहुतेकांच्या मते शुभवर्तमानांच्याही आधीचे. करिंथच्या मंडळीत काही जण म्हणू लागले होते की मेलेली माणसे उठत नाहीत. पौल त्यांची समजूत काढत बसत नाही. आधी साक्षीदारांची यादी देतो: केफा, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा. मग तो स्वतःचीच मान सुळावर ठेवतो. ख्रिस्त उठला नसेल तर माझा उपदेश पोकळ, तुमची श्रद्धा पोकळ, आम्ही देवाच्या नावाने खोटे बोलणारे आणि सगळ्या माणसांत जास्त कीव करावी असे, असा त्याचा सूर. धर्म शिकवणारा माणूस आपल्या धर्माला इतकी उघडी फट ठेवतो, हे मला फार विलक्षण वाटते. येशूची शिकवण चांगली आहे, बाकीचे सोडून द्या, अशी सुटकेची वाट तो स्वतःलाही ठेवत नाही. पुढे शरीर कसे उठेल या प्रश्नावर तो शेतकऱ्याकडे वळतो. जमिनीत गेलेला दाणा मेल्याशिवाय उगवत नाही आणि उगवते ते दाण्यासारखे दिसत नाही.

पाटीच्या या बेटावर एका मठाचे अवशेष १९९२ मध्येच हाती लागले होते. तो सातव्या-आठव्या शतकातला, पूर्वेच्या चर्चचा. म्हणजे मेसोपोटेमिया आणि इराणकडे मान वळवून प्रार्थनेत सिरियाक वापरणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा. एफ्रेम हा चौथ्या शतकातला थोर कवी याच भाषेचा. क्रूस म्हणजे एदेन बागेतले जीवनाचे झाड, ही कल्पना त्याच्या काव्यात पुन्हा पुन्हा येते. यशयाच्या ग्रंथातला इशायाच्या बुंध्याला फुटणारा धुमाराही या लोकांच्या ओळखीचा. पाटी सापडली ती मठाजवळच्या एका अंगणाच्या घरात, जिथे ज्येष्ठ मठवासी एकांतात चिंतनाला बसत असे मानतात. भोवती खारे पाणी आणि वाळू. पालवीचे मोल अशा जागी वेगळे असणार.

अमिरातीत हा शोध सहिष्णुतेचा पुरावा म्हणून मांडला गेला. ते खोटे नाही. इस्लाम आल्यावरही मठ काही काळ नांदला, आणि तो उद्ध्वस्त केल्याच्या खुणा नाहीत. पण गिलावा ओला असताना त्यावर हात फिरवणाऱ्याच्या मनात सहिष्णुता नव्हती. त्याला मेलेला माणूस उठला असे सांगायचे होते. त्याचे म्हणणे अवघडच आहे. सौजन्यापोटी ते सोपे करून घेण्यात पाटीचा अपमान होतो.

पूर्वेच्या याच चर्चची माणसे आपल्या किनाऱ्यावरही होती. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवासी व्यापाऱ्याने कल्लियाना इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि बरेच अभ्यासक कल्लियाना म्हणजे आपले कल्याण मानतात. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरच्या दगडी क्रूसावर पहलवी अक्षरे आहेत आणि बुडाशी तशीच पाने.

आजच्या अमिरातीच्या भूमीवर १९६५ साली अबू धाबीत सेंट जोसेफ आणि १९६७ मध्ये दुबईत सेंट मेरी चर्च उभे राहिले. तिथे गोव्याची, केरळची, फिलिपिन्सची माणसे एका रांगेत असतात. २०२१ अखेरपर्यंत या देशाची सुट्टी शुक्रवार-शनिवारची होती. त्यामुळे गुड फ्रायडे आपोआप सुट्टीत पडे आणि ईस्टरच्या सकाळी ऑफिस गाठावे लागे. मिस्साला जायचे ते आदल्या रात्रीच्या पास्का जागरणाला, नाहीतर कामावरून सुटल्यावर. जानेवारी २०२२ पासून रविवार सुट्टीचा झाला आणि बऱ्याच जणांची सोय झाली. तशी रविवारची पहिली सरकारी सुट्टी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली दिली. पौलाच्या करिंथमध्ये रविवार कामाचाच दिवस होता.